आवारातली उमेदवारी

‘उमेदवारी’ हा शब्द आज कानावर पडला की आपल्याला निवडणूक आठवते. अर्ज, अनामत रक्कम, चिन्ह, प्रचाराच्या जीपगाड्या. पण आपल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात या शब्दाला दुसराही एक अर्थ होता. वकिलाच्या हाताखाली, छापखान्यात, कापडाच्या दुकानात, गॅरेजमध्ये काम शिकायला राहिलेला मुलगा ‘उमेदवारी करतो’ असं म्हणत. पगार नसायचा, किंवा असला तर नावापुरता. पण काम हाताला लागायचं. शब्द फारसीतून आपल्याकडे आलेला. उमेद म्हणजे आशा, आणि उमेदवार म्हणजे आशा धरून असलेला. हल्ली त्या जागी ‘इंटर्नशिप’ आली आहे. सरकारी कागदावर तिला ‘आंतरवासिता’ म्हणतात. मला मात्र जुना शब्दच जवळचा वाटतो.

आज बोलायचं आहे ते अशाच एका उमेदवारीविषयी. महाविद्यालयातल्या मुलामुलींनी आपल्याच महाविद्यालयाच्या आवारात पाणी, वीज, कचरा आणि झाडं यांचं काम शिकायचं, ही ती उमेदवारी. हे काम नीट कसं चालवायचं आणि ते बिघडतं कुठं, हे सांगण्याचा माझा प्रयत्न आहे.

आधी माझ्याविषयी दोन शब्द. मी शिकलो बी.ए.पर्यंत. माझ्या पदवीच्या कागदावर औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाचं नाव आहे, कारण तेव्हा नांदेडला विद्यापीठ नव्हतं. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं आणि नांदेडजवळ विष्णुपुरीच्या माळावर उभं राहिलं. पहिले कुलगुरू होते डॉ. जनार्दन वाघमारे, लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले. मी कविता लिहितो, आणि पोटासाठी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात कागद सांभाळतो. त्यामुळे पर्यावरण म्हटलं की मला आधी नदी आणि डोंगर आठवत नाहीत. मला आठवतं महिन्याचं वीजबिल, टँकरची पावती आणि नळदुरुस्तीचा अर्ज.

आता हा विषय आजच का, ते सांगतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आलं. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत पदवीच्या अभ्यासक्रमाची घडी त्याप्रमाणे बदलू लागली. ऑन जॉब ट्रेनिंग, क्षेत्र प्रकल्प, सामाजिक सहभाग असे विषय आले. एका श्रेयांकाला साधारण ३० तासांचं काम, म्हणजे चार श्रेयांकांना १२० तास. कल्पना चांगली आहे. पण प्रश्न असा की पुण्या-मुंबईच्या मुलाला कंपन्या आहेत, बँका आहेत, रुग्णालयं आहेत. मुखेडच्या, देगलूरच्या, औशाच्या, निलंग्याच्या मुलानं १२० तास काढायला जायचं कुठं? गावात दोन कृषी सेवा केंद्रं, एक पतसंस्था आणि चार मोबाइलची दुकानं. मग व्हायचं तेच होतं. ओळखीच्या दुकानदाराचा शिक्का, तारखेची मोकळी जागा, आणि न केलेल्या कामाचं प्रमाणपत्र. विशीतल्या मुलाला आपण पहिला धडा देतो तो खोट्या कागदाचा.

या प्रश्नाचं एक उत्तर आपल्या पायाखालीच आहे. महाविद्यालयाचं आवार म्हणजे एक लहानसं गावच असतं. दीड-दोन हजार माणसं रोज येतात. त्यांना प्यायला पाणी लागतं, स्वच्छतागृहं लागतात, पंखे आणि दिवे लागतात. कॅन्टीन असतं, प्रयोगशाळा असते, दुचाकींची रांग असते. कचरा होतो, पानं गळतात, टाकी भरते आणि ओसंडते. गावात जे जे बिघडतं, ते सगळं इथं लहान प्रमाणात बिघडतं. आणि जे गावात दुरुस्त करणं कठीण, ते इथं करून बघता येतं.

ही कल्पना काही आकाशातून पडलेली नाही. १९४७ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याला छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढलं ते ‘कमवा आणि शिका’ या पायावर. मुलं शिकत होती आणि राबतही होती. त्यांच्या रयत शिक्षण संस्थेचं बोधचिन्ह वडाचं झाड आहे, हे आपल्याला ठाऊक आहेच. पुढे गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांचं काम आणि सात दिवसांचं शिबिर, ही तिची रीत आजही आपल्या महाविद्यालयांत चालते. आपल्या खेड्यांत ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ येतात, तेही एका अर्थानं उमेदवारच. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाची ही मुलं ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी शेतकऱ्यांच्या बांधावर येतात, माती परीक्षण करून दाखवतात, बीजप्रक्रिया शिकवतात. २०१८ च्या उन्हाळ्यात केंद्र सरकारनं स्वच्छ भारत उन्हाळी इंटर्नशिप काढली होती. १ मे ते ३१ जुलै या काळात खेड्यात किमान १०० तास काम करायचं, आणि विद्यापीठ अनुदान आयोगानं त्याला दोन श्रेयांकांची मुभा दिली होती.

बाहेरच्या जगातलं एक उदाहरण सांगण्यासारखं आहे. १९८९ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शहरनियोजन शिकणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या एका गटानं आपल्याच विद्यापीठाची तपासणी केली. पाणी किती, वीज किती, कचरा जातो कुठं, गाड्या किती येतात. अहवालाचं नावच होतं ‘इन अवर बॅकयार्ड’, म्हणजे आमच्या परसात. त्यानंतर अशा तपासण्यांची पद्धत अनेक विद्यापीठांत रुजली. आज आपल्याकडे ‘नॅक’ची समिती येते तेव्हा हरित लेखापरीक्षण आणि ऊर्जा लेखापरीक्षण मागते. त्याचं मूळ असं परसात आहे. फरक एवढाच की तिथं तपासणी विद्यार्थ्यांनी केली होती. आपल्याकडे ती बऱ्याचदा बाहेरून करून घेतली जाते. अहवालाची फाइल कपाटात जाते, आणि ज्या मुलांच्या डोक्यावर पंखे फिरतात त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

पर्यावरण हा विषय तर आपल्या अभ्यासक्रमात केव्हाच आला. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली निकाल दिला, आणि पुढे पदवीच्या सर्व शाखांना पर्यावरण अभ्यास सक्तीचा झाला. विद्यापीठ अनुदान आयोगासाठी त्याचं पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एराच भरुचा यांनी लिहिलं. अभ्यासक्रमात प्रत्यक्ष क्षेत्रभेटीचं प्रकरणही होतं. पण आपण काय केलं? झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळू लागले. ‘जलप्रदूषण’ या विषयाच्या वह्या मी अशा पाहिल्या आहेत, की नाव आणि बैठक क्रमांक सोडला तर स्वल्पविरामही सारखे. त्या मुलांच्या वर्गाबाहेरचा नळ मात्र तेव्हाही ठिबकत होता.

म्हणून या उमेदवारीचा पहिला नियम असा, की आधी मोजायचं आणि मग बोलायचं. घोषवाक्यांची स्पर्धा, रांगोळी, फेरी हे सगळं नंतर. कवी असून मी आकड्यांची बाजू घेतो याचं काहींना नवल वाटेल. पण आकडा हा कधीकधी चांगल्या ओळीसारखा असतो. तो थोडक्यात सगळं सांगून जातो.

एक साधं गणित करून बघू. ठिबकणाऱ्या नळाखाली मापाची बाटली धरली आणि मिनिटाला १० मिलिलिटर पाणी जमलं. फार नाही, दोन चमचे. तासाला ६०० मिलिलिटर. दिवसाला १४ लिटरहून जास्त. वर्षाला पाच हजार लिटरहून जास्त. थेंबे थेंबे तळे साचे हे आपण ऐकलेलं असतं, पण थेंबाथेंबानं तळं रितंही होतं.

दुसरं गणित लातूरकरांना जिव्हाळ्याचं वाटेल. २०१६ चा उन्हाळा आठवा. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदीचं कलम लावावं लागलं होतं. शिकायला बाहेरगावाहून आलेल्या मुलांचेही पाण्यावाचून हाल झाले. ११ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोचली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी, आणि साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास. देशभर तिची बातमी झाली. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली.

आता महाविद्यालयाच्या एका इमारतीची गच्ची घ्या. समजा ती १००० चौरस मीटरची आहे. एक मिलिमीटर पाऊस पडला की दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी पडतं. लातूरकडे सरासरी वर्षात साडेसातशे मिलिमीटर पाऊस धरा. म्हणजे गच्चीवर साडेसात लाख लिटर. उडून जाणारं, सांडणारं आणि पहिल्या पावसाचं गच्ची धुऊन निघालेलं मळकं पाणी म्हणून पाचवा हिस्सा वजा करा. उरलं सहा लाख लिटर. मिरजेहून आलेल्या पहिल्या रेल्वेपेक्षा जास्त पाणी दरवर्षी एका गच्चीवर पडतं आणि पन्हाळीतून गटारात जातं.

या गणिताची दुसरी बाजूही मुलांना कळली पाहिजे. सहा लाख लिटर एका दिवशी पडत नाहीत. दुष्काळाच्या वर्षात ते निम्म्यावर येतं, आणि नेमकं तेव्हाच ते हवं असतं. एवढं पाणी टाकीत साठवणं परवडत नाही. म्हणून ते खडी आणि वाळूच्या गाळणीतून विहिरीत किंवा बोअरजवळच्या पुनर्भरण खड्ड्यात सोडावं लागतं. गाळणी दर पावसाळ्यापूर्वी साफ करावी लागते. पहिल्या सरींचं पाणी बाहेर काढून द्यावं लागतं. नाहीतर विहिरीत पाण्याऐवजी गच्चीवरची घाणच जाते. पाइप बसवला आणि फोटो काढला म्हणजे पाणी जमिनीत उतरलं असं होत नाही. हे सगळं शिकायला १२० तास पुरतात, आणि ते शिकलेली मुलगी उद्या तिच्या गावच्या शाळेची गच्चीही मोजू शकते.

विजेचंही असंच आहे. साधा पंखा ७५ वॅट ओढतो. रिकाम्या वर्गात दहा पंखे पाच तास फिरले तर पावणेचार युनिट गेले. आपल्या देशात एक युनिट वीज तयार होताना सरासरी सुमारे ७०० ग्रॅम कर्बवायू हवेत जातो, कारण बरीचशी वीज अजून कोळशातून येते. परळीची राख ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. पण मुलांच्या हातात महावितरणचं बिल द्या, मागच्या बारा महिन्यांची बिलं एकापुढे एक ठेवा, आणि मग बघा. मंजूर भार म्हणजे काय, स्थिर आकार म्हणजे काय, दिवाळीच्या सुट्टीत युनिट का कमी झाले नाहीत, असे प्रश्न ती स्वतःच विचारतात. एरवी हे बिल लेखा विभागाबाहेर कधी पडत नाही.

हे काम चालवायचं कसं, तर माझ्या अनुभवातून काही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट संख्येची. शंभर मुलांची नावं घालू नका. दहा-बारा पुरेत. शंभर मुलांना काम देता येत नाही, फक्त हजेरी देता येते. प्रत्येकाला एकच प्रश्न द्या. एकीकडे टाकी, दुसऱ्याकडे कॅन्टीनचं खरकटं, तिसरीकडे ग्रंथालयातले दिवे, चौथ्याकडे झाडं. झाडांचा प्रश्नही ‘किती लावली’ असा नको, ‘तीन वर्षांपूर्वी लावलेल्यांपैकी किती जगली’ असा हवा. राज्यानं २०१९ साली ३३ कोटी रोपांचा संकल्प केला होता. नांदेडकडे किनवट-माहूरचं सागवानी जंगल तरी आहे. लातूर जिल्ह्यात वन एक टक्क्याहूनही कमी. तिथं एक झाड जगणं ही मोजण्याजोगी गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. आपली निम्मी मुलं एसटीच्या पासवर येतात. सकाळी सातला या किंवा संध्याकाळी सहापर्यंत थांबा, असं सांगितलं की मुली आपोआप गळतात, कारण त्यांची शेवटची गाडी पाचची असते. तेव्हा आठवड्याला आठ तास धरून पंधरा आठवड्यांची आखणी करा, आणि ते तास तासिकांच्या मधल्या वेळेत बसवा. युवक महोत्सव, परीक्षा, सेवा योजनेचं शिबिर आधीच वजा करा. पहिले तीन आठवडे फक्त मोजमाप, मधले आठ आठवडे एखादा उपाय करून बघणं, शेवटचे चार आठवडे पुन्हा मोजमाप आणि अहवाल.

तिसरी गोष्ट सुरक्षेची. उंच टाकीवर चढणं, वायरिंगला हात लावणं, प्रयोगशाळेची रसायनं हाताळणं ही कामं मुलांची नव्हेत. तिथं जाणकार माणूस बरोबर हवा.

चौथी गोष्ट मानाची. मुलांच्या हाती झाडू देऊन १२० तास आवार झाडून घेणं ही उमेदवारी नव्हे. ती फुकटची मजुरी झाली, आणि ज्या मावशी रोज झाडतात त्यांच्या पोटावर पाय. उलट त्या मावशींना आणि शिपाई मामांना शिक्षक माना. कोणत्या वर्गात खरकटे डबे सापडतात, कोणता व्हॉल्व्ह किती फिरवायचा, कुठल्या झाडाची पानं कधी गळतात, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. गळलेली पानं पेटवून देण्याऐवजी कॅन्टीनच्या ओल्या कचऱ्याबरोबर थरांनी रचली, ओलावा राखला आणि अधूनमधून चाळवली, तर काही महिन्यांत खत होतं. हे आमच्या आवारात पुस्तकातून आलं नाही. एका मावशींनी घरच्या उकिरड्याचा अनुभव सांगितला, तेव्हा जमलं.

पाचवी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि इथंच बहुतेक ठिकाणी घोडं अडतं. मुलांनी जे शोधून काढलं त्याला उत्तर कोण देणार?

एक प्रसंग सांगतो. महाविद्यालयाचं नाव घेत नाही. काही वर्षांपूर्वी पर्यावरण अभ्यासाच्या प्रकल्पासाठी एका मुलीनं गच्चीवरची टाकी निवडली. रोज सकाळी टाकी भरून ओसंडायची आणि पाणी मागच्या भिंतीवरून वाहायचं. भिंतीला शेवाळ धरलं होतं, म्हणजे हे बऱ्याच काळापासून चालू होतं. तिनं खाली १५ लिटरची बादली धरली. ती अर्ध्या मिनिटात भरली. ओसंडणं चालायचं २५ मिनिटं. रोजचे ७५० लिटर. वर्षात २५० दिवस धरले तर एक लाख ८७ हजार लिटर. पाच हजार लिटरच्या टँकरनं मोजलं तर ३७ टँकर भरतील एवढं.

तिच्या गटातल्या मुलांचा पहिला निष्कर्ष असा होता की मामा निष्काळजी आहेत. ती मुलगी मात्र आठवडाभर मामांच्या मागे फिरली. मामा साडेसहाला मोटार चालू करतात आणि लगेच अकरा खोल्यांची कुलपं काढायला जातात. परत येईपर्यंत टाकी भरलेली असते. टाकीतला बॉलकॉक झिजून निकामी झालेला. म्हणजे दोष माणसाचा नव्हता, व्यवस्थेचा होता. तिनं दोन उपाय लिहिले. बॉलकॉक बदला, नाहीतर मोटार आपोआप बंद होणारी कळ बसवा. खर्च काही शे रुपयांपासून दोन-तीन हजारांपर्यंत. अर्ज इतका नेटका होता की आवक नोंदवहीत चढवताना मी तो दोनदा वाचला.

पुढे तो अर्ज दीड महिना टेबलांवरून फिरला. दरपत्रकं तीन हवीत. खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा? दुरुस्ती की पर्यावरण? सभा पुढे ढकलली गेली. तेवढ्यात सत्र संपलं. प्रकल्पाला गुण मिळाले, चांगले मिळाले. परीक्षेनंतर ती मुलगी टीसी न्यायला खिडकीशी आली. टीसी हातात घेण्याआधी तिनं विचारलं, “सर, टाकीचं काय झालं?” तिच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो, हे मला तिच्या अर्जावरून नव्हे, त्या प्रश्नावरून कळलं. बॉलकॉक पुढच्या महिन्यात बसला. पण ते बघायला ती नव्हती.

त्या प्रश्नात मला या सगळ्या कार्यक्रमाचं मर्म दिसतं. मुलांना आपण मोजायला लावतो आणि मोजलेलं ऐकत नाही, तेव्हा ती पाणी वाचवायला शिकत नाहीत. खरं बोलून काही होत नाही, एवढंच शिकतात. म्हणून उमेदवार निवडण्याआधी दोन गोष्टी ठरवून घ्याव्यात. एक म्हणजे, मुलांच्या प्रत्येक लेखी सूचनेला पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळेल. ‘होय’, ‘नाही’ किंवा ‘पुढच्या वर्षी’, काहीही चालेल, पण कारणासह. दुसरी म्हणजे, लहान दुरुस्त्यांसाठी वर्षाला दहा हजार रुपये आधीच मंजूर करून ठेवलेले असतील. वॉशर, बॉलकॉक, एलईडी दिवे, कचऱ्याचे दोन डबे यांसाठी सभा भरवावी लागू नये. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सूचनांना उत्तर आणि हाताशी थोडे पैसे, हा या कार्यक्रमाचा आड आहे.

सहावी आणि शेवटची गोष्ट वारशाची. विद्यार्थी तीन वर्षांत जातात, इमारत पन्नास वर्षं राहते. नव्याचे नऊ दिवस संपले की सगळं थंड पडतं, ते यामुळेच. यावर एक जाड नोंदवही हाच उपाय मला दिसतो. संगणकावर ठेवा, पण कागदावरही ठेवा, आणि कार्यालयात ठेवा. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पाण्याच्या मीटरचा आकडा, विजेचे युनिट, टँकरची संख्या, जगलेली झाडं. नव्या तुकडीचं पहिलं काम असं, की जुन्या तुकडीनं लिहिलेलं खरं आहे का ते पुन्हा मोजून बघायचं. तोंडी परीक्षाही पडद्यावरच्या चित्रांवर न घेता टाकीखाली आणि खतखड्ड्याशेजारी घ्यावी. ‘आम्ही हे करून पाहिलं आणि ते जमलं नाही, कारण असं असं’ असं लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्यावेत. खोटं यश लिहिण्याचा मोह मग उरत नाही. आणि प्रमाणपत्रावर ‘समाधानकारक’ हा पोकळ शब्द लिहू नये. ‘हिने पंधरा आठवडे पाण्याची नोंद ठेवली, रोज ७५० लिटरची नासाडी शोधली’ असं लिहावं. नोकरी देणारा माणूस ते वाचून थांबतो.

या कामाला मोठी तत्त्वं लागत नाहीत. आमच्याकडे वुजू करताना, वाहत्या नदीच्या काठी बसला असलात तरी पाणी जपून घ्या, अशी शिकवण आहे. पाणी भरपूर असतानाही मोजून वापरायचं, ही सवय प्रत्येक घरात कुठल्या ना कुठल्या रूपात होतीच. कुणाकडे रांजणावर ठेवलेल्या एका तांब्यात, कुणाकडे सांडपाण्यावर वाढवलेल्या अळूत. नळ आले आणि ती सवय सुटली. विष्णुपुरीचं विद्यापीठाचं आवार पाचशे एकरांहून मोठं आहे आणि गोदावरी त्याला जवळ आहे. लातूरला नदी लांब. पण टाकी दोन्हीकडे सारखीच ओसंडते.

तेव्हा प्राध्यापक मंडळींना आणि संस्थाचालकांना माझं सांगणं एवढंच, की जूनमध्ये प्रवेश सुरू होतील तेव्हा दहा मुलं निवडा. त्यांना एक नोंदवही द्या, एक मापाची बादली द्या आणि बारा महिन्यांची बिलं द्या. त्यांच्या पत्राला कोण उत्तर देणार, त्या माणसाचं नाव नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहा. पालकांनीही मुलाला ‘प्रमाणपत्र मिळालं का’ एवढंच विचारू नये. ‘काय मोजलंस’ असं विचारावं. मूल आकडा सांगू लागलं, की समजावं उमेदवारी खरी झाली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)